सरखेलांचे गलबतावरील शौचकूप तुंबले त्याची हकीकत

श्री समुद्रनाथ प्रसन्न. शके १६९७, मन्मथनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, राज्याच्या आरमाराचे धनी सरखेल धुळोजीराव यांचे थोरले गलबतावर जो प्रसंग गुदरला, तो आम्ही पदरच्या कारकुनाने डोळां पाहिला तैसा लिहिला असे. उणे अधिक वाटल्यास नाकास पदर लावून वाचावे.

सरखेलांची कन्या चिमाआक्का उपवर जाहली आणि पैलतीरीच्या सरदारांचे घरी बोलणे लाविले. पोर गुणाची, आम्ही तिला अंगाखांद्यावर खेळविली, तिचे बरे व्हावे ऐसे गलबतावरील एकेकास वाटे. मग मुलाच्या मातुश्री सगुणाबाईसाहेब यांचा निरोप आला की, मुलगी पाहावयास येऊ, परंतु दोन दिवसांचा दर्या आणि आमचे गुडघे धरलेले, गलबतावर परसाकडची सोय चांगली असेल तर येऊ, नसेल तर सोयरीक राहिली. सरखेलांनी तत्काळ शब्द दिला, कारण टोपीकरांकडून आणविलेले पितळी हापशाचे शौचकूप त्यांचेच गलबतावर होते आणि त्याचा त्यांस मोठा तोरा होता. दांडा हापसला की एके नळीने दर्याचे पाणी आत यावे आणि दुसरे नळीने सर्व ऐवज दर्यात जावा, ऐसी करणी. परंतु यंत्र आले तेथे मानपानही आला. कारभारी विसाजीपंत यांनी ठराव केला की, हापसे ज्याचे त्याचे योग्यतेप्रमाणे द्यावे: खाशांस वीस, सरदारांस दहा, कारकुनांस तीन आणि खलाशांस एक. दारी जानू म्हणून हापसेदार नेमिला, तो सर्वांस ऐकू जाईल ऐसे मोजीत असे. आम्हांस तीन. तीन हापशांत काय जाते ते ज्याचे त्यास ठाऊक.

मग बाईसाहेबांस आणावयास निघणार, तो आदले दिवशी सकाळी खासे आत गेले, जानूने वीस हापसे मारिले आणि जे जावयाचे ते परत वर येऊ लागले. सरखेल नाक धरून बाहेर आले. विसाजीपंत म्हणाले, दृष्ट लागली, आणि दारास लिंबू-मिरच्या बांधविल्या. गुण येईना. गोलंदाज म्हणाला, तोफेचा गज घालून पाहतो, त्यास हात जोडून माघारी धाडिले. शेवटी पंतांनी स्वतः उभे राहून नळी सोडविली, परंतु दर्याकडील तोटी आधी बंद करावी हे त्यांचे शास्त्रात नव्हते. दर्या भडभडा आत आला, पंत गुडघाभर पाण्यात उभे आणि डोईची पगडी पाण्यात पडून आपली आपण फिरू लागली. आम्हांस हसू आले, ते खोकल्यावारी नेले.

मग खलाशांचा म्होरक्या बाळकोजी तांडेल यास बोलाविले. त्याने आधी तोटी फिरविली, पाणी उपसविले, मग नळी पाहिली, तो आत चुन्याची पुटे चढून चिंचोका जाईल एवढेच भोक राहिले होते. त्याने हापशांचा हिशेब विचारिला, जानूने सांगितला, आणि तांडेलाने कपाळास हात लाविला.

म्हणाला, "महाराज, नळी सात हात लांब. वीस हापशांत ऐवज दर्यास पोचतो. एका हापशात नळीतच बसतो आणि खाऱ्या पाण्याने त्याचा दगड होतो. आपले वीस हापसे आमच्या एकामागे अडकले आहेत."

उपाय त्याचे घरचा. बायको तांब्याची भांडी कोकमाने उजळिते, तेच ध्यानी धरून दोन घागरी कोकमाचे आगळ आणि शिरका नळीत भरिला, दोन प्रहर मुरू दिला, मग मोगरीने ठोकिता पुटे खपल्या होऊन पडली. आत चामड्याची झडप ताठली होती, ती नवी कापून खोबरेलात भिजवून बसविली. आणि म्हणाला की, आता सर्वांस वीस, नाही तर चार दिवसांत पुन्हा हेच.

सरदारांनी तोंडे फिरविली. पंत म्हणाले, मग खाशांत आणि खलाशांत अंतर ते काय राहिले? सरखेल मिशीस हात लावून बसले. तेव्हा चिमाआक्का पुढे जाहली.

"आबासाहेब, या मानापायी मी जन्मभर घरी बसावे काय?"

सरखेलांनी मान खाली घातली आणि आज्ञा केली की, सर्वांस वीस.

मग गलबत पैलतीरी जाऊन बाईसाहेबांस घेऊन निघाले. दुसरे दिवशी सकाळी बाईसाहेब आत गेल्या. कोणी शिंकेना. जानूने वीस मोजिले, आणि सर्व ऐवज सुखरूप दर्यास मिळाला. बाईसाहेब बाहेर आल्या आणि जानूस विचारिते जाहल्या की, तुझ्या धन्यास किती? तो म्हणाला, वीस. आणि तुला? तो भीत भीत म्हणाला, मलाही वीसच. बाईसाहेब दोरखंडाच्या वेटोळ्यावर टेकल्या आणि सरखेलांस म्हणाल्या,

"मी सून होऊन गेले त्या घरी न्हाणाचे पाणीसुद्धा मानाने मिळे. मला सर्वांचे शेवटी, तेही गार. तुमची मुलगी माझे घरी द्या."

सरखेलांचे डोळे भरून आले. आमचेही आले, लपवीत नाही.

तात्पर्य, लग्न थाटाने जाहले आणि नळी आजवर मोकळी आहे. विसाजीपंतांनी मात्र हार घेतली नाही. हापसे सारखे तर जाण्याचा क्रम तरी मानाने असावा, ऐसा नवा ठराव केला. तेव्हापासून दोन सरदार दारापाशी "आपण आधी, आपण आधी" करीत उभे राहतात, आणि आम्ही मधून जाऊन येतो. वीस हापसे. जन्माचे सार्थक जाहले. इतके लिहून दौत झाकली.