सहाशे किलोमीटर टिकलेला बूट

तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवावा: बूट बनवणाऱ्यावर, बूट घालणारीवर, की बूट घालणारीच्या नवऱ्यावर? घाईने उत्तर देऊ नका. इतेन गावच्या बाजारात माझं खिळे-पत्र्यांचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. शाळा मी चौथीत सोडली. पुढचं जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांनी शिकवलं, आणि राहिलेलं शेजारच्या गाळ्यातल्या किमोसोपने.

किमोसोप वापरलेले बूट विकतो. आमच्या गावात पहाटे रस्त्यावर गुरांपेक्षा धावपटू जास्त दिसतात, त्यामुळे त्याला मालाची ददात नाही. पण लोक त्याला ओळखतात ते जेरोतिचचा नवरा म्हणून. जेरोतिच मॅरेथॉन धावते. एक परदेशी बूट कंपनी तिला त्याबद्दल दरसाल पैसे देते. तिने फक्त त्यांचेच बूट घालायचे, आणि जमलं तर जिंकायचं. त्या पैशांवर चेरोपची, म्हणजे त्यांच्या मुलीची, शाळा चालायची, दोन गाई होत्या आणि अर्धं घर उभं होतं. उरलेल्या अर्ध्यावर ताडपत्री होती. (पत्रे माझ्याकडूनच जायचे होते, म्हणून मला नक्की माहीत.)

यंदा डिसेंबरात करार संपत होता. जेरोतिचला चौतिसावं लागलेलं. मागच्या शर्यतीत ती सातवी आली होती, आणि सातव्याचा फोटो कुणी काढत नाही. पुढचा करार देणार की नाही, यावर कंपनी मूग गिळून बसली होती. शेवटी उत्तराऐवजी एक खोकं आलं. आत पांढऱ्याशुभ्र बुटांचा एक जोड, अजून कुठल्याच दुकानात न आलेला, आणि एक वही. हे बूट घालून सहाशे किलोमीटर धावा, रोज किती धावलात आणि बूट कसा वाटला ते वहीत लिहा, मग दोन्ही परत पाठवा. खाली एक ओळ होती: पुढच्या कराराचं यावरून ठरवू.

आमच्याकडे धावपटू सोमवार ते शनिवार सरावाच्या छावणीत राहतात. घरी येतात ते रविवारी, चर्चपुरते आणि पोराबाळांपुरते. पहिल्याच रविवारी जेरोतिचने बूट पिशवीतून काढून दारात ठेवले.

"चेरोपचे बाबा, पंधरा किलोमीटरपर्यंत बरे आहेत. मग पाय फुगला की करंगळीला चावतात. दोन दिवसांत चाळीस किलोमीटर धावले, पुरे झालं. तसं वहीत लिहा आणि पाठवून द्या."

"चावतात असं लिहू?"

"चावतात तर काय लिहाल, पापा घेतात?"

घरातला पत्रव्यवहार किमोसोपकडे असे. (हे खातं त्याला कुणी दिलेलं नव्हतं. त्याने ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आपणहून घेतलं.) सोमवारी बायको छावणीत परत गेली आणि तो वही घेऊन बसला. व्यापारी माणसाचं डोकं ते. ज्याच्याकडून वर्षाचे पैसे यायचेत, त्याच्या पंगतीला बसून भाजीला नावं कशी ठेवायची? मिळायचा तो करारही जाईल. त्याने पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "बूट उत्तम. पायात आहेत हेसुद्धा कळत नाही." (त्या वेळी ते पायात नव्हतेच, तेव्हा याला खोटं म्हणता येत नाही.)

इथवर ठीक होतं. पण अजून पाचशे साठ किलोमीटर उरले होते. न वापरलेला माल वापरलेला म्हणून पाठवणं त्याच्या तत्त्वात बसेना. (उलटं मात्र तो रोज करतो.) नवराबायकोच्या पायांचं माप देवाने एकच ठेवलेलं. दुसऱ्या सकाळी किमोसोप बूट घालून स्वतःच निघाला. घरापासून चर्चच्या वळणापर्यंत पोहोचला आणि धोंड्यावर बसला. दुधाची बरणी घेऊन एक म्हातारी चालत त्याच्या पुढे गेली, चार पावलांवर थांबली.

"किमोसोप, पळतोयस की मागून कुणी ढकललं?"

"सराव करतोय, आजी."

"कसला?"

किमोसोप वाकून नाडी बांधू लागला. तीनशे मीटर झाले होते. या हिशेबाने सहाशे किलोमीटर पुरे व्हायला चेरोपचं लग्न उजाडलं असतं.

बुधवारी तो माल आणायला मोटरसायकलवर एल्दोरेत शहराला निघाला. जाऊनयेऊन सत्तर किलोमीटर. पायात तेच बूट होते, आणि वाटेत चढावर गिअर बदलताना त्याला साक्षात्कार झाला. बूट या रस्त्याने जातोय की नाही? जातोय. पायात आहे की नाही? आहे. जमिनीला टेकतोय का, हे वहीत कुणी विचारलेलंच नव्हतं.

आठ खेपा झाल्या. आठ सत्ते छप्पन्न, म्हणजे पाचशे साठ, आणि तिचे चाळीस. सहाशेला एक मीटर कमी नाही की जास्त नाही. एका दिवसात सत्तर लिहू नयेत एवढं भान त्याला होतं. धावपटूचा नवरा तो. त्याने प्रत्येक खेपेचे तीन दिवस केले आणि समोर लिहीत गेला: "आज डोंगराकडून. बूट उत्तम." "आज धुकं होतं. बूट उत्तम." वही आणि बूट पोस्टात टाकून तो माझ्या दुकानात आला आणि छताला पत्रे किती लागतील ते विचारून गेला.

महिन्याभराने एका रविवारी कंपनीच्या उर्सुलाबाई स्वतः आल्या. बूट कसा झिजतो याचा अभ्यास करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. जेरोतिचने चहा केला, उकडलेली कणसं पुढे ठेवली. बाईंनी आधी पिशवीतून दोन वर्षांचा करार काढला, त्यावर पेन ठेवलं, आणि मग बूट काढले. उजवा मधोमध उभा कापलेला, डावा अख्खा.

"जेरोतिच, सहाशे किलोमीटर धावूनही तळवा कणभर झिजलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेत कुणाचा विश्वास बसेना, म्हणून उजवा कापून पाहिला. हाच तळवा घालून चाळीस हजार जोड काढायचं ठरतंय. एप्रिलची मॅरेथॉन तुम्ही याच बुटात धावायची."

जेरोतिचने नवऱ्याकडे पाहिलं. किमोसोप चहात साखर घालत होता. चार चमचे झाले होते, पाचवा वाटेत होता.

"फक्त एक गोष्ट समजत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या बुटाचा चवडा वरून दाखवला. अंगठ्यावरचं कापड झिजून काळं पडलं होतं. "खालून नवा, वरून झिजलेला, आणि तोही एकच पाय. तीस वर्षांत असं पाऊल मी पाहिलेलं नाही. तुम्ही धावताना डावा पाय कशाखाली घालता का? मला चित्रीकरण करायचं आहे."

आमच्या बाजारात ती खूण शेंबडं पोरही ओळखेल. प्रत्येक मोटरसायकलवाल्याच्या डाव्या बुटावर ती असते. जेरोतिचनेही ओळखली. करार समोर होता, पेन वर होतं. तिने एकदा वर ताडपत्रीकडे पाहिलं. वारा सुटला होता आणि ती फडफडत होती. किमोसोप डोळ्यांनी विनवत होता: सही कर, मग बघू. दोन वर्षं म्हणजे छप्पर, दोन वर्षं म्हणजे चेरोपची शाळा. गप्प राहायला एक पैसा पडत नव्हता.

मग तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि बाजूला ठेवलं.

"किमोसोप," ती म्हणाली. (चेरोपचे बाबा नाही. नुसत्या नावाने हाक आली की त्या घरात गाईसुद्धा चरायच्या थांबतात.) "तो डावा बूट घाला."

"आत्ता? बाईंचा चहा व्हायचाय."

"घाला. आणि गाडी काढा."

एका पायात पांढरा बूट आणि एका पायात सपात असा किमोसोप अंगणात गाडीवर बसला. बाईंनी कॅमेरा लावला. तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. दर गिअरला डावा अंगठा दांडीखाली जाई आणि बाई कॅमेऱ्यामागून एक पाऊल पुढे येत.

"हेच पाऊल," जेरोतिच म्हणाली. "माझे फक्त चाळीस किलोमीटर. बाकीचे गाडीचे."

"अहो, पण रस्ता तोच होता," किमोसोप गाडीवरूनच म्हणाला.

उर्सुलाबाईंनी कॅमेरा बंद केला. करार घडी करून पिशवीत घातला. पिशवीची चेन लावल्याचा आवाज मला पुढे किमोसोपने इतक्यांदा सांगितलाय की मला तो स्वतः ऐकल्यासारखा वाटतो. बाई उभ्या राहिल्या, दोन पावलं गेल्या, वळल्या.

"आणि त्या चाळीस किलोमीटरचं काय? बूट कसे होते?"

जेरोतिचने उजवी चप्पल काढून पाय पुढे केला. करंगळीचं नख अजून काळंच होतं. "पंधरापर्यंत बरे. पुढे पाय फुगतो आणि बूट फुगत नाही. मी या बुटात बेचाळीस किलोमीटर धावणार नाही. करार नाही दिलात तर नका देऊ."

बाई खाली मातीत बसल्या. खिशातून टेप काढून त्यांनी पाय मोजला, आधी बसून, मग उभं राहून. बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

"नऊ धावपटूंना हा बूट पाठवला होता," त्या खाली मान घालूनच म्हणाल्या. "नऊ वह्या आल्या. नवाच्या नवांत 'बूट उत्तम'. सगळ्यांचे करार डिसेंबरातच संपतायत. चाळीस हजार जोड निघाले असते, आणि दर जोडाला दोन करंगळ्या."

त्या दिवशी चेन उघडली नाही. बाई चहा न संपवता गेल्या. पुढचे तीन आठवडे किमोसोपने दुकानात एकही बूट खपवला नाही. गिऱ्हाईक विचारी, "टिकेल का?" आणि हा बूट त्याच्या हातून घेऊन परत फळीवर ठेवी. रविवारी जेरोतिच घरी आली की तो आपणहून चुलीपाशी बसून मक्याच्या पिठाची उगाली घाटायचा. उगाली करपायची. ती करपलेली खायची आणि बोलायची नाही. हे जास्त वाईट, असं तो मला सांगे.

चौथ्या आठवड्यात पाकीट आलं. करार होता, दोन वर्षांचा. धावायचा आणि नवे बूट पारखून खरं सांगायचाही. जेरोतिचने सही केली आणि छावणीत परत गेली. पत्रे त्याच आठवड्यात माझ्या दुकानातून गेले.

दुसऱ्या दिवशी किमोसोप तो करार घेऊन माझ्या गाळ्यात आला. छाती चांगली वीतभर पुढे होती. मागे चार दुकानदार.

"शेजारी, इंग्रजी कायद्याचं आहे, मला नीट लागत नाही. पण यात माझं नाव आहे. चौदावं कलम. एवढी मोठी परदेशी कंपनी, नाव घातलंय माझं. जरा मोठ्याने वाचा, यांनाही ऐकू दे."

मी चष्मा लावला आणि गिऱ्हाइकांनी शिकवलेल्या इंग्रजीच्या जोरावर वाचून दाखवलं. चौदावं कलम: धावपटूचे पती श्री. किमोसोप यांनी कंपनीच्या कोणत्याही बुटात, कोणत्याही कारणासाठी, पाय घालू नये.

चौघांपैकी एकाने विचारलं, "वहीचं काही आहे का?"

पंधरावं कलम वहीचंच होतं. ते मी मनातल्या मनात वाचलं. शेवटी शेजारधर्म असतो.

तर मंडळी, तुमच्या हाती कधी अशी वही आलीच, तर एवढं करा. पाय जेवढे चालले तेवढेच किलोमीटर त्यात मांडा, आणि गाडीचे लिहायचेच झाले तर वेगळ्या पानावर लिहा.