मंगळवारच्या धुण्याच्या वतनाची हकीकत

आमच्या घरचे चिरंजीव परमुलुखीं विद्येस जाऊन तेथील वसतिगृहाच्या तळघरांतील धुलाईयंत्रावर अंमल कैसा बसविते जाहले, हें नातलगांनीं वारंवार पुसिलें. मातोश्री एक सांगतात, मामा दुसरें सांगतात, आणि खुद्द चिरंजीवांस विचारिलें असतां ते तेथील हवामानाची गोष्ट काढितात. सबब दफ्तरीं एक तरी खरा कागद असावा म्हणोन हे चार बंद लिहिले आहेत. यांत पदरचें कांहीं घातलें नाहीं. जेथें घातलें आहे तेथें तें केवळ शोभेकरितां आहे.

चिरंजीव म्हणजे वय चोवीस, विद्या राज्यशास्त्र, चष्मा जाड. सत्ता कोणाचे हातीं असते, ती कैसी मिळते आणि मिळाल्यावर माणसाचें काय होतें, याविषयीं त्यांनीं इतके ग्रंथ वाचिले होते कीं घरांत गॅसचा नंबर कोणीं लावावा हें पुसिलें तरी ते सार्वभौमत्वापासून आरंभ करीत. प्रबंधाचा विषय सत्तेचें विकेंद्रीकरण ऐसा मुक्रर जाहला, आणि मग विद्यापीठाची सनद आली, आणि मग स्वारी दोन बॅगा भरोन निघाली. निघतेसमयीं मातोश्रींनीं बॅगेंत नायलॉनची दोरी आणि दोन डझन चिमटे घातले. चिरंजीवांनीं अर्ज केला कीं तेथें यंत्रें आहेत, दोरीचें प्रयोजन नाहीं. अर्ज नामंजूर जाहला.

वसतिगृह चार मजली, आंत शिबंदी साठ असामी, नाना देशींचे आणि नाना विद्यांचे. तळघरांत धुलाईयंत्रें दोन. पैकीं एकावर 'बंद आहे' ऐशी चिठ्ठी, ती कोणीं लाविली हें सांगणारा कोणी उरला नव्हता. दुसरें चालू. दारावर आठवड्याचा तक्ता टांगिला होता, त्यांत सकाळीं आठापासून सायंकाळीं आठापर्यंत दोन दोन तासांचे खण, एकूण बेचाळीस. शिरस्ता ऐसा कीं ज्याचें नांव गेल्या आठवड्यास ज्या खणांत, त्याचेंच या आठवड्यास. कोणी पदवी घेऊन निघाला तर जातां जातां आपला खण मित्राच्या हवालीं करी, आणि तो मित्र आपल्या मित्राच्या. ऐसें तें वतन पिढीजात चालत होतें. बाकी अठरा असामी बिनवतनी. ते शहरांतील भाड्याच्या धुलाईघरीं गाठोडीं नेत, आणि त्या हिंवाळ्यांत तेंही दुरुस्तीकरितां बंद पडलें.

तेव्हां चिरंजीवांनीं मोरीच्या बेसिनांत कपडे धुवोन खिडकीबाहेर दोरी बांधिली, आणि मनांतल्या मनांत मातोश्रींस मुजरा केला. तिसरे दिवशीं वसतिगृहाचे व्यवस्थापक, ज्यांचे कमरेस किल्ल्यांचा जुडगा असे आणि म्हणोन ज्यांस आम्ही येथें किल्लेदार म्हणतों, त्यांचा खलिता आला कीं इमारतीच्या दर्शनी बाजूस ओलें वस्त्र दिसूं नये. चिरंजीवांनीं दोरी आंत घेतली. तों भिंतीस ओल धरिली, आणि दुसरा खलिता आला. त्यांत खालीं लिहिलें होतें कीं तिसरा खलिता आल्यास सात दिवसांचे आंत खोली खाली करावी. आतां त्या शहरीं दुसरी खोली मिळणें म्हणजे वाघिणीचें दूध मिळणें. खोली नाहीं तर पत्ता नाहीं, पत्ता नाहीं तर राहण्याचा परवाना नाहीं, परवाना नाहीं तर प्रबंध अर्ध्यावर टाकोन परत घरीं. चिरंजीवांचें सर्व भवितव्य दोन बनियनांस लटकलें होतें.

मग त्यांनीं वतनाची चौकशी आरंभिली. बेचाळीस खणांत सर्वांत मातबर खण मंगळवार, दुपारीं चार ते सहा, कारण तेव्हां गरम पाण्यास जोर असे आणि शेजारचें वाळवण्याचें यंत्र, जें वतनदारांसच आपल्या खणापुरतें मिळे, तेंही मोकळें असे. तो खण ज्यांचा, त्यांस सारे आजोबा म्हणत. वय अडतीस, परंतु अकरा वर्षें त्याच खोलींत राहोन ते शेवाळावर संशोधन करीत होते, आणि इतक्या वर्षांत तीन किल्लेदार बदलले, आजोबा बदलले नाहींत. त्यांचे कपडे तासाभरांत धुवोन होत. उरलेला तास यंत्र नुसतेंच अडून राही, आणि आजोबा वर चहा घेत.

चिरंजीवांनीं तक्त्यापुढें उभें राहोन विचार केला. ग्रंथांत सत्ता म्हणजे फौज, तिजोरी, कायदा, लोकमत. येथें पाहतों तों सत्ता म्हणजे चार इंच रुंद एक चौकोन, आणि तो कोणीं दिला, कोणीं घेतला, याचा दस्तऐवज कोठेंही नाहीं. सगळ्यांस ठाऊक आहे एवढाच त्याचा पाया. त्यांनीं खोलींत जाऊन निवासी मंडळास चौदा पानी निवेदन लिहिलें, ज्यांत 'न्याय्य वाटप' हा शब्द एकवीस वेळां आला. बैठक गुरुवारीं होती.

परंतु त्याआधीं मंगळवार आला, आणि त्या मंगळवारीं चिरंजीवांकडोन जें घडलें तें आमच्या घराण्याबाहेरच्या माणसाकडोन घडणें दुरापास्त.

सहा वाजोन गेल्यावर स्वारी सहज खालीं उतरली. सहा ते आठ ज्या व्हायोलिनवाल्या बाईंचे, त्या परगांवीं गेलेल्या. यंत्र थांबलेलें. आंत आजोबांचे कपडे ओले, गोळा होऊन पडलेले. थांबलेलें यंत्र आणि ओलें धुणें एके ठिकाणीं पाहोन चिरंजीवांचें मन द्रवलें, अथवा लोभावलें. दोन्ही मतें प्रचलित आहेत. त्यांनीं आजोबांचे कपडे काढोन वाळवण्यास लाविले आणि आपले धुण्यास लाविले, आणि मग बांकावर बसोन वाट पाहिली, आणि मग आजोबांचे कपडे सुकले, आणि मग हात रिकामे राहवेनात म्हणोन त्यांनीं त्या सर्वांच्या घड्या घातल्या. शर्टाची बाही आंत, कॉलर ताठ, मोज्यांच्या जोड्या, आणि आंतले कपडे, त्यांच्याही. आमच्या घरीं वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर पडतो आणि जवळ बसेल त्यानें घड्या घालाव्या ऐसा दंडक आहे. तेथें काकांचें काय आणि आत्याचें काय, कोणी पाहत नाहीं. तो ढीग परडींत रचोन चिरंजीवांनीं आजोबांचे दाराशीं ठेविला आणि कृतकृत्य होऊन वर गेले.

परडी ठेवितांना चिरंजीवांस पाहणारे निघाले, आणि बुधवारीं सकाळीं तक्त्याशेजारीं त्यांचे नांवें आजोबांची तक्रार झळकली. एक: परवानगीवांचून कपडे हलविले. दोन: परवानगीवांचून वाळविले. तीन: घड्या घातल्या. तिसरे कलमाखालीं दोन रेघा होत्या. किल्लेदारांचा निरोप आला कीं मंडळानें तक्रार मान्य केली तर तीच तिसरा खलिता समजावी.

चिरंजीवांचा धीर सुटला. त्यांनीं मातोश्रींस फोन लाविला आणि चौदा पानांपैकीं तीन पानें वाचोन दाखविलीं. मातोश्री भाजी निवडीत होत्या. चौथे पानावर त्यांनीं थांबविलें.

"हे तिथे वाचू नकोस. लोकांना घरी जायचं असतं. त्याची माफी माग."

चिरंजीवांनीं सांगितलें कीं मीं त्याचें काम केलें, चोरी केली नाहीं. माझ्या कपड्यांच्या कोणीं ऐशा घड्या घातल्या असत्या तर मला चाललें असतें.

"तुला चालेल रे," मातोश्री म्हणाल्या. "तुझ्या कपड्यांना जन्मभर दुसऱ्यांनीच हात लावलाय."

यावर चिरंजीवांनीं उरलेलीं पानें खालीं ठेविलीं. इतिहासांत ऐसे प्रसंग थोडे. चोवीस वर्षें आपले कपडे बादलींत पडत आणि कपाटांत उगवत. मधल्या प्रवासांत मातोश्रींचे किती तास, धुण्याला येणाऱ्या मावशींचे किती तास, याचा तक्ता कोणीं कोठें टांगिला नव्हता. आपण घालत होतों त्या रविवारच्या घड्या, आणि त्यांचेंही कौतुक होत असे. वतनदार कोणास म्हणावें हें शोधावयास आपण सात समुद्र ओलांडिले, आणि सर्वांत जुनें वतन आपल्याच नांवें होतें. ही गोष्ट प्रबंधांत कोठें घालावी हें त्यांस सुचेना. फोन ठेवितांना मातोश्रींनीं पुसिलें कीं दोरी बॅगेंत परत ठेविली ना. नाहीं म्हणावयाचें धैर्य त्यांस जाहलें नाहीं.

गुरुवारीं पांच वाजतां टीव्हीच्या खोलींत दरबार भरला. मंडळाच्या अध्यक्ष दंतवैद्यकाच्या विद्यार्थिनी, बोलणाऱ्याच्या डोळ्यांऐवजीं दातांकडे पाहण्याची त्यांस सवय. उजवीकडे किल्लेदार जुडग्यासह. बिनवतनी अठरा असामींपैकीं चौदा आले होते, कारण खोलींत हीटर चांगला होता. आजोबा कोपऱ्यांत हाताची घडी घालोन उभे. अध्यक्षबाईंनीं तक्रार वाचिली आणि चिरंजीवांस जाबसाल पुसिला. चौदा पानें खिशांत होतीं. खिसा फुगला होता. त्यांनीं तो चांचपिला, आणि मग हात काढोन घेतला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आमच्या घरी कपडे कुणाचे ते बघत नाहीत, घड्या घालून टाकतात. इथे बघायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मला यंत्र हवं होतं, म्हणून मी तुमचे कपडे काढले. घड्या नंतर सुचल्या."

दरबारांत इतकी सच्ची गोष्ट त्यापूर्वीं कोणीं बोलिलें नव्हतें, त्यामुळें पुढें काय करावें हें कोणास कळेना. नियमावलींत माफीचें कलम नव्हतें. अध्यक्षबाईंनीं आजोबांस पुसिलें कीं नुकसान काय जाहलें.

आजोबांनीं हाताची घडी सोडिली.

"नुकसान नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "अकरा वर्षांत पहिल्यांदा कपाटाचं दार लागलं."

कोणी हंसलें नाहीं. मग एक हंसला, आणि मग चौदाही हंसले, आणि मग आजोबांचे कान तांबडे जाहले. ती संधि साधोन अध्यक्षबाईंनीं तक्रार निकालांत काढिली आणि किल्लेदारांस फर्माविलें कीं यास तिसरा खलिता समजूं नये. किल्लेदारांनीं जुडगा वाजवोन रुकार दिला. खोली वाचली. परंतु दोरी सुटली तरी धुणें राहिलेंच होतें, सबब वतनाचा प्रश्न निघाला. आणि वतनाचें नांव निघतांच आजोबांचे कान पूर्ववत् जाहले.

"मंगळवार माझा आहे," ते म्हणाले.

पुढें तासभर रदबदली चालली. आजोबांनीं वतन सोडिलें नाहीं. वतन कोणी सोडीत नाहीं, हें चिरंजीवांनीं ग्रंथांत वाचिलेंच होतें. अखेर तह जाहला तो ऐसा. मंगळवारचा खण आजोबांचेच नांवें राहावा. त्यांतील दुसरा तास, पांच ते सहा, चिरंजीवांनीं वापरावा, परंतु तक्त्यावर नांव घालूं नये. बदल्यांत चिरंजीवांनीं दर मंगळवारीं आजोबांच्या कपड्यांच्या घड्या घालाव्या, आंतले कपडे वगळोन. बाकी बिनवतनी सतरांविषयीं पुढील बैठकींत पाहावें. चिरंजीवांनीं त्या सतरांपैकीं जे हजर होते त्यांकडे एकदां पाहिलें, मग खालीं पाहिलें, आणि मोर्तब केलें. विकेंद्रीकरण तूर्त एक तास जाहलें.

घरीं ही बातमी पोंचली तेव्हां मामांनीं चार ठिकाणीं सांगितलें कीं मंगळवार आपल्याकडे आला. मातोश्रींनीं तहाचीं कलमें नीट ऐकोन घेतलीं.

"म्हणजे तिकडे जाऊन दुसऱ्याच्या घड्या घालतोस," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं. कुणाच्या तरी घाल."

येणेंप्रमाणें पुढील मंगळवारीं पांच वाजतां चिरंजीव गाठोडें घेऊन तळघरीं दाखल जाहले आणि यंत्रावर प्रथम अंमल बसविला. कपडे बावीस, साबण बेताचा, पाणी गरम. आजोबांचे कपडे वाळोन निघाले, तरी ते चहास वर गेले नाहींत. ते समोर उभे राहोन शर्टाची बाही आंत कैसी जाते हें पाहत होते, आणि पाहत नाहीं ऐसें दाखवीत होते. शर्ट जाहले, मोजे जाहले, आणि मग आजोबांची चादर निघाली, ती थोर, दुहेरी पलंगाची, आणि ती एकल्या माणसाच्यानें आवरेना. तेव्हां वतनदारांनीं पुढें होऊन दोन टोकें धरिलीं, दोन चिरंजीवांनीं धरिलीं, चादर ताणोन एकवार झाडली, आणि मग उभयतां एकमेकांकडे चालत आले. ऐसी फत्ते जाहली.