पूर बघायला गेलेली गाडी

विमा एजंट महंमदभाईंनी नको त्या वेळी बेल वाजवली. अमरसिंहांच्या गाडीचा विमा संपत आला होता, त्यामुळे चूक तशी त्यांची नव्हती. पण गडहिंग्लजचे आकाराम आणि बनाबाई आपल्या मुलासाठी अमरसिंहांच्या अनुजाला बघायला आले होते आणि पोह्यांच्या बशा नुकत्याच हातात गेल्या होत्या.

"या की भाई, बसा! पावणं घरचंच हाईत," अमरसिंह म्हणाले. गाडीचा विषय निघावा आणि आपल्या ड्रायव्हिंगचं कौतुक चारचौघांत व्हावं, ही त्यांची जुनी हौस.

"आण्णा, औंदा हप्ता वाढलाय. गेल्या साली गाडी पाण्यात गेली, क्लेम घेतलासा, नो-क्लेमचा बोनस गेला. त्यात तुमचा भाग पुराचा. आन् बंद रस्त्यावर गाडी घातल्याचा दंडबी ऱ्हायलाय."

पाहुण्यांचे चमचे थांबले. कोल्हापूरकराला पुराची भीती कमी आणि बघायची घाई जास्त. पंचगंगा फुगली की लोक पोराबाळांसकट, कणसं खात पाणी बघायला जातात. पण बॅरिकेड बाजूला सारून गाडी थेट पाण्यात घालणारा एखादाच. तो कोण, हे आता सांगावं लागणार होतं.

"अनुजानं घातलीती," अमरसिंह बोलून गेले. "पोरगी हाय, शिकतीया अजून."

काय म्हणावं या माणसाला! पोरीचं लग्न जुळतंय आणि हा तिलाच बुडवतोय. बनाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चहाचा ट्रे घेऊन अनुजा दारातच उभी होती. तिने बापाचा उतरलेला चेहरा बघितला.

"व्हय," ती म्हणाली. "माजीच चूक."

अमरसिंहांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते बशीतले पोहेच चिवडत राहिले.

महंमदभाईंना मात्र राहवलं नाही. "आसं कसं ताई? तुमी त्या दिवशी गावातबी नव्हतासा. आण्णांनीच टपावर बसून मला फोन केलता, 'भाई, इंजनात पाणी गेलंय, विम्यात बसतंय काय?'"

कुणीच हसलं नाही. अमरसिंह उठून उभे राहिले.

"मीच घातलीती, पावणं. पोलीस नको म्हणत हुता, त्यालाच दम दिला. आन् आता लेकीवर ढकललं. लाज वाटती ओ मला. बापाला नापसंत करा, पोरीला नको."

त्यांचे डोळे भरून आले. आकारामांना कसंतरीच झालं. त्यांनी अमरसिंहांना हाताला धरून बसवलं.

"आवो, हुतंय बाप्यामाणसाचं आसं! आमीबी गाडी गोठ्याच्या भिंतीला घासलीती आन् हिला पटवलं, तूच घासलीस म्हणून!"

बनाबाईंनी बशी खाली ठेवली. "म्हंजे? तवापास्नं मी भ्याच्या मारं गाडीला हात लावला न्हाय की!"

आकाराम घास गिळायचे विसरले.

"चावी द्या हिकडं," बनाबाई म्हणाल्या. "घरला गाडी मी नेणार, तुमी मागं बसा. आन् आण्णा, पोरगी पसंत हाय आमाला."