नळीतला गोंद

"न ढवळता कधी गोंद होतो का?" सासऱ्यांनी पुन्हा विचारलं.

ते गोंदाच्या छोट्या कारखान्याचे मालक. सारा जन्म पातेलं ढवळण्यात गेलेला. सून रसायनशास्त्र शिकलेली. तिने चाचणीसाठी एक यंत्र आणवलं होतं. पंपाने दोन बाटल्यांतली द्रावणं ओढायची, बारीक नळीत एकत्र करायची, गरम पट्टीवरून न्यायची, की पलीकडून तयार गोंद टपकत राहतो. औषधं अशी करतात हे तिने पाहिलं होतं. गोंद करून बघायची हौस तिची. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर यंत्र परत आणि सूनबाई कायमच्या बिलांच्या टेबलावर, असं सासऱ्यांनी बजावलं होतं.

दुपारपर्यंत गोंद झकास निघाला.

"बाबा, मी जेवून येते. फक्त हात लावू नका हं."

सासऱ्यांनी हात नाही, एक बोट लावलं. सकाळपासून राबणाऱ्या यंत्राची त्यांना दया आली. शिवाय पातेल्यातला गोंदही ते नेहमी जरा मुरू देत. त्यांनी बटण बंद केलं.

सून परतली तोवर नळीत गोंद घट्ट झाला होता.

"कुणी बंद केलं?"

"मुरतोय गं जरा."

तिने घाईघाईने पंप सुरू केला. दाबाचा काटा सरसर चढला, मधला जोड फटकन सुटला आणि गोंद यंत्राखाली पसरला. सासरे हातरुमाल घेऊन धावले. रुमाल तिथेच राहिला. सून रडकुंडीला आली आणि सासऱ्यांना तोंड कुठे लपवावं कळेना.

संध्याकाळी यंत्र परत न्यायला कंपनीचा माणूस आला. त्याने यंत्र उचललं, तर खालचं टेबलच उचललं गेलं.

"मॅडम, खाली स्क्रू मारलेत का?"

"नाही हो," सून पुटपुटली. "गोंद आहे."

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"आपला?"

"आपलाच, बाबा."

'तुमचा गोंद सुटतो' हे जन्मभर ऐकत आलेल्या त्या माणसाचा ऊर भरून आला. त्यांनी दार उघडून ऑफिसात बसलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारली, "या, आत या! ओढा! लाजू नका!"

गिऱ्हाइकाने ओढलं, घामाघूम झालं आणि मुकाट्याने ऑर्डर लिहायला बसलं.

"अहो, पण मी परत काय नेऊ?" कंपनीचा माणूस कळवळला.

"काही नेऊ नका. उद्या आणखी एक आणा," सासरे म्हणाले. "ते सूनबाईला चालवायला. हे इथेच राहील, गिऱ्हाइकांना ओढून बघायला."