दुकान वाढविले आहे

परमुलखात नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याने तिथली भाषा शिकली पाहिजे, असा सरकारी नियम होता. ती त्याला कळली पाहिजे, असा मात्र नियम नव्हता. हॉलिस साहेबांनी नियम तंतोतंत पाळला. विलायतेहून येताना बोटीवरच त्यांनी मराठी व्याकरणाचा फडशा पाडला, मुंबईत परीक्षा देऊन बक्षीस घेतले आणि टंचाईच्या साली ते सोलापुरास गरजमापन अधिकारी म्हणून रुजू झाले. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला, की रयतेशी आपण स्वतः बोलू, दुभाष्याची गरज नाही. हेड कारकून कुंडलिकराव आजवर साहेबांना अडलेले शब्द सांगण्याचा पगार घेत होते. आता ते शब्द गिळण्याबद्दल त्यांना तोच पगार चालू राहिला.

साहेब माणूस चांगला होता. आधीचे साहेब क्लबात बसून इथल्या उन्हाला नावे ठेवत. हॉलिस साहेबांना इथे मनापासून रुळायचे होते. ते पाटावर बसून भाकरी खात, शेंगाची चटणी मागून घेत आणि डोळ्यांतून पाणी आले की ‘उत्तम’ म्हणत.

पहिल्याच संध्याकाळी ते वाचत बसले असता कोंडीबा गडी दारात आला.

“साहेब, दिवा वाढवू का?”

गड्याची तत्परता पाहून साहेबांना बरे वाटले. “वाढव,” ते म्हणाले.

कोंडीबाने वात खाली केली, फुंकर मारली आणि अंधार झाला. साहेबांनी दोष तेलाला दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा दिवा आणवला, कोंडीबाने तोही वाढवला. शेवटी साहेबांनी वर लिहून कळवले, की इथले नोकर तत्पर आहेत, परंतु इथल्या दिव्यांना वाढ सोसत नाही. जेवताना मात्र कोंडीबा ‘भात वाढू का?’ म्हणे आणि पानात भात खरोखरच वाढे. त्यामुळे शब्दकोशावरचा त्यांचा विश्वास अढळ राहिला.

त्यांच्याकडे काम एकच होते. सरकार शहरात स्वस्त जोंधळ्याचे एक दुकान काढणार होते आणि ते सर्वांत गरजू आळीत निघायचे होते. आळी साहेबांनी ठरवायची होती.

साहेब प्रथम सात रस्ता नावाच्या चौकामागच्या बोळात गेले. तिथे सिद्धम्मा राहत असे. ती बांगड्या विकायची आणि तिचा नवरा मिलमध्ये होता. मिलने माणसे कमी केली तेव्हापासून तो घरी होता. दोन लेकरे उंबऱ्यावर बसली होती.

“बाई, आपल्या दुकानाची स्थिती कशी आहे?”

“दुकान व्हय? ते वाढवलं की साहेब, दसऱ्यालाच.”

“अभिनंदन. आणि माल?”

“माल कुटला आलाय! पेटी पडली, हुत्या त्या समद्या बांगड्या वाढल्या.”

“फारच छान. आणि गृहात जोंधळा?”

सिद्धम्माने लेकरांकडे पाहिले. दारी पाहुणा उभा होता, दिवेलागणीची वेळ होती. ‘संपला’ हा शब्द तिच्या सासूने या घरात कधी येऊ दिला नव्हता. “त्योबी वाढला, साहेब. परवाच,” ती म्हणाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. साहेबांना वाटले, बाईला आनंद आवरत नाही.

कुंडलिकराव खाकरले. “साहेब, वाढणे म्हणजे इकडे...”

“मला मराठी येते, कुंडलिकराव.”

“व्हय साहेब,” कुंडलिकराव म्हणाले.

मग स्वारी चनमल्लप्पा अडत्याकडे गेली. त्याचा वाडा तीन मजली होता आणि तळमजल्यावर धान्याची कोठारे होती. चनमल्लप्पा हात जोडून बाहेर आला. “या की साहेब. गरिबाच्या झोपडीला तुमचे पाय लागले. आमचं कसलं काय, ढकलायचं आपलं. मीठभाकर खाऊन जावा.” मीठभाकरीत शेंगापोळी होती आणि तिच्यावर तूप होते.

साहेबांनी अहवाल लिहिला. बोळात सर्व गोष्टींची झपाट्याने वाढ होत आहे. चनमल्लप्पा झोपडीत राहतो, झोपडी तीन मजली आहे, आणि तो मिठाबरोबर भाकरी खाऊन दिवस काढतो. सबब दुकान त्याच्याच झोपडीत मंजूर व्हावे.

मंजुरीची दवंडी बोळात पोचली तेव्हा सिद्धम्मा कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. कुंडलिकरावांना दुपारचा डबा गोड लागेना. अखेर नोकरीची आशा सोडून ते आत गेले. “साहेब, हुकूम मोडतो. आमच्यात अशुभ बोलत नाहीत. संपलं, फुटलं, बंद पडलं, या सगळ्याला वाढलं म्हणतात. आणि पैसेवाला माणूस पाहुण्यापुढे उगीच गरीब होतो.”

साहेब पांढरे पडले. दिव्याचे कोडेही त्याच क्षणी सुटले. त्यांना खरोखर वाईट वाटले, आणि वाईट वाटल्यावर अधिकारी जे करतो ते त्यांनी केले. त्यांनी परिपत्रक काढले: ‘या मुलखात रयतेच्या प्रत्येक तोंडी विधानाचा अर्थ उलट घेण्यात यावा.’ फेरतपासणीची तारीख ठरली.

परिपत्रकाची नक्कल चनमल्लप्पाकडे त्याच दिवशी गेली. ती कशी गेली हे कुणी विचारले नाही. इकडे परिपत्रक निघण्याआधीच कुंडलिकरावांनी सिद्धम्माला गाठून सांगितले होते, “बाई, साहेब परत येतील. या खेपेला शुभ-अशुभ बघू नका. जे हाय ते सरळ सांगा.” परिपत्रक त्यांच्या हाती पडले ते फेरतपासणीच्या दिवशी. ते वाचून त्यांनी कपाळाला हात लावला आणि ते बोळाकडे धावले, पण साहेब उंबऱ्यावर पोचले होते.

सिद्धम्माने चौकट घट्ट धरली. आयुष्यात प्रथमच ती असे अशुभ बोलत होती. “साहेब, जोंधळा संपला. घरात दाना न्हाय. लेकरं उपाशी हैत.”

साहेब मायेने हसले. “समजले, बाई. आता मला तुमची भाषा खरी समजू लागली.”

तिथून ते वाड्यावर गेले. चनमल्लप्पा छाती पुढे काढून उभा होता. “साहेब, देवाच्या दयेनं काय कमी न्हाय. कोठारं तुडुंब हैत, या बघा की.” त्याने दारे उघडून दाखवली. पोती छताला लागली होती. साहेबांचे डोळे भरून आले.

“साहेब, पोती तर समोर दिसतात,” कुंडलिकराव म्हणाले.

“तो त्यांचा स्वाभिमान आहे, कुंडलिकराव. त्याला धक्का लावू नका.”

चनमल्लप्पाच्या दुकानाची मंजुरी कायम झाली आणि जोंधळा दुप्पट झाला. सरकारी जोंधळा पुढच्या दाराने आला, मागच्या दाराने अडतीत गेला आणि बाजारभावाने विकला गेला. महिना सरायच्या आत पुढच्या दाराला कुलूप लागले. वर पाटी आली: ‘दुकान वाढविले आहे.’ सिद्धम्मा रिकामी पिशवी घेऊन पाटीखाली उभी होती. कुंडलिकरावांनी तिला ती वाचून दाखवली आणि ती घरी गेली.

साहेबांनीही पाटी वाचली. परिपत्रक तोंडी विधानांपुरते होते आणि पाटी लेखी होती. सबब त्यांनी दुकानाचा विस्तार झाल्याचे वर कळवले. त्यांना बढतीवर पुण्याला नेण्यात आले.

निरोपाला सात रस्त्यावर सगळे शहर जमले. हारतुरे झाले. साहेब गहिवरून म्हणाले, “मित्रहो, जाताना खरे सांगा. माझ्या कारकिर्दीत आपणांस काही त्रास झाला काय?”

“छे छे साहेब, लई बरं चाललंय,” सगळे एका सुरात म्हणाले. त्यांत चनमल्लप्पा होता, कुंडलिकराव होते, कोंडीबा होता. मागे उभी असलेली सिद्धम्मा तेवढी गप्प राहिली. सरळ बोलून तिने एकदा पाहिले होते.

आपण त्या गर्दीला हसायला मोकळे आहोत. फक्त परवा रस्त्यात कुणी ‘काय, कसं काय चाललंय?’ विचारले, तेव्हा आपण काय म्हणालो, तेवढे आठवून हसावे.