चारी बाजूंनी काच

घरामागच्या बागेत स्टुडिओ बांधायचा, त्यात बसून कादंबरी लिहायची आणि नाव काढायचं, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आधी माळ्यावरचा पसारा काढा." पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं!

आर्किटेक्ट मात्र पारखी निघाला. "भिंती कशाला? चारी बाजूंनी काच! छतालाही काच! परिसराशी संवाद झाला पाहिजे!"

"आणि पडदे?"

त्याचा चेहरा असा पडला, की मीच माफी मागितली.

स्टुडिओ झाला. "आता खोटी रजा घेतलीत तर नोकरी विसरा," असं साहेबांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं. तरी 'सणकून ताप भरलाय' असं ऑफिसात कळवून मी लिहायला बसलो. परिसराने लगेच संवाद सुरू केला!

"तासाभरात एकच ओळ?" शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या. "आणि तीही खोडलीत!"

"पेंगू नका, दिसतंय मला!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको.

अकराला ऊन डोक्यावर आलं. बाराला मी बनियन, अर्धी चड्डी, गॉगल, बायकोची गवती टोपी आणि पाय बादलीत, अशा थाटात बसलो होतो. तेवढ्यात आर्किटेक्ट एका गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला घेऊन आला.

"बघा, लेखक निसर्गाशी कसा एकरूप झालाय!"

गिऱ्हाइकाने वाकून पाहिलं. आमचे साहेब! मी टेबलाखाली शिरलो. टेबलही काचेचं!

"तुम्हाला ताप होता ना?" साहेब आत आले.

"आहे ना साहेब! हात लावून बघा!"

साहेबांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अरे बापरे! खरंच की!"

वाचलो! जीव भांड्यात पडला!

"कसला ताप, साहेब?" खिडकीतून बायको. "सकाळपासून ठणठणीत आहेत! दोन डुलक्या काढल्या!"

"तीन!" काकू.

साहेबांनी बाहेर जाऊन स्टुडिओभोवती सावकाश एक फेरी मारली.

"म्हणजे आतला माणूस काय करतो, ते सगळ्यांना दिसतं?"

"अगदी स्वच्छ!" आर्किटेक्ट फुलला.

"मग माझ्या घरी नको. ऑफिसात बांधा."

नोकरी गेली नाही. ऑफिसच्या मधोमध काचेची खोली उभी राहिली आणि तिच्यात पहिलं टेबल माझं लागलं. सांगायला लाज वाटते, पण गेल्या सोमवारपासून मी चक्क काम करतो!