दूध बोलून राहिलं

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या इंदूताई. सकाळी दूध गॅसवर चढलं की त्यांचा कूलर बंद, पंखा बंद, रेडिओ बंद आणि समोर बसलेला पाहुणाही बंद. त्याने तोंड उघडलंच तर इंदूताई बोट वर करतात.

"थांबा जरा. दूध बोलून राहिलं."

दूध आधी कुजबुजतं, मग कुरकुरतं आणि उतू जायच्या आधी एकदम गप्प होतं, असं त्यांचं म्हणणं. गप्प झालं की सांभाळायचं, माणसासारखंच.

हे दूध सावनेरकडच्या खेड्यातून येतं. रामराव गवळी मोटरसायकलला कॅन लटकावून आणतात. गाईचं, त्याच पहाटेचं, पिवळसर. इंदूताई ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळतात, मंद आचेवर तापवतात आणि मग त्यावर अशी साय धरते की भाकरीसारखी उचलून घ्यावी. सायीला विरजण, मग ताक, लोणी आणि दर गुरुवारी तूप. माहेर नरखेडकडचं, घरी संत्र्याची बाग आणि गोठा. लग्न होऊन शहरात आल्या, पण गोठा काही डोक्यातून गेला नाही. यजमान गेले, मुलगा बंगलोरला स्थायिक झाला, तरी दूध रोज दोन लिटर. एकट्या बाईला एवढं कशाला, हा आमच्या इमारतीचा आवडता प्रश्न.

मी इथे राहायला आले तेव्हा तिशीत होते आणि फार हुशार होते. हे मत फक्त माझंच होतं, पण मला तेवढं पुरत असे. माझ्याकडे नवा लाल फ्रिज होता, पिशवीचं दूध होतं आणि मासिकात वाचलेलं आहारशास्त्र होतं. साय म्हणजे विष, असं मी इंदूताईंना त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं. त्या अगदी एकाग्र होऊन ऐकत होत्या. मला वाटलं, माझंच ऐकताहेत. घरी मी पिशवीच्या दुधावरचा तो पापुद्रा काढून गच्चीवरच्या मांजरीला घालायची. मांजर तुकतुकीत झाली, तिला गुबगुबीत पिल्लं झाली आणि मी गालफडं बसलेल्या तोंडाने सगळ्यांना सांगत फिरले की बघा, सायीने जनावर कसं बिघडतं.

आता माझी नातवंडं इंदूताईंच्या घरचं तूप पोळीवर थापतात आणि मी त्यांच्या ताटातलं पळवते.

तर यंदाच्या थंडीत सोसायटीच्या सचिवांनी, वानखेडे साहेबांनी, ठराव आणला. गवळ्याच्या कॅनमधून दूध सांडतं, जिन्यात मुंग्या होतात. तेव्हा गवळ्याला फाटकाच्या आत बंदी. सगळ्यांनी पिशव्या घ्याव्यात. इंदूताईंचे गुडघे असे, की फाटकापर्यंत जाऊन दूध आणणं त्यांच्याने व्हायचं नाही. म्हणजे ठराव झाला की त्यांचं दूध बंद. मी तावातावाने म्हटलं, सभेत चला, बोला. त्या फडकं पिळत म्हणाल्या, "तू जा वं मंदे. मले काम आहे."

रविवारी सकाळी गच्चीवर उन्हात सभा भरली. मी भाषण तयार करून गेले होते. दोन वाक्यं झाली आणि तिसरं आठवेना. वानखेडे साहेबांनी चष्मा लावून ठराव वाचायला घेतला. "सर्व सभासदांच्या आरोग्याच्या दृष्टीने," इथपर्यंत आले आणि थांबले. नाक जरा वर केलं.

जिन्यातून वास येत होता. लोणी कढत होतं आणि त्यात विड्याचं पान नुकतंच पडलेलं.

सगळ्यांची नाकं जिन्याकडे वळली. शेवटी साहेबच म्हणाले, अगदी हळू, "बेरी निघत असेल आता." साहेबांचं बालपण काटोलला गेलं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी सभा तात्पुरती तहकूब केली आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरले.

इंदूताईंच्या स्वयंपाकघरात अख्खी सोसायटी दाटीवाटीने उभी. रेडिओ बंद. कोणी खोकलं तरी बोट वर. तुपाची चरचर थांबली, इंदूताईंनी गॅस बंद केला आणि तूप गाळून तळाची बेरी साखर घालून वाट्यांत वाढली. पहिली वाटी साहेबांना.

"बोला आता, साहेब. गवळी काहून बंद करून राहिले?"

साहेबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मानेनेच नाही नाही म्हटलं. मग ठरलं ते एवढंच, की रामरावांनी कॅनखाली गोणपाट टाकावं. ते गोणपाट साहेबांनी स्वतः आणून दिलं.

सगळे गेल्यावर मी वाट्या विसळायला थांबले. तूप तर गुरुवारी कढतं, हे मला तेव्हा सुचलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या स्टुलावर बसून कढई पुसत होत्या आणि माझ्याकडे मुळीच पाहत नव्हत्या. मग मी इतक्या वर्षांत त्यांना कधी न विचारलेलं विचारून टाकलं. "इंदूताई, तुम्हाला एकटीला दोन लिटर लागतं तरी कशाला?"

"मले पावभर पुरते वं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कढई पालथी घातली. "पण पावभराच्या सायीचं तूप कढवलं, तर वास माह्या दाराबाहेर जात नाही. मग येईन कोण?"

बाहेर घंटी वाजली. साहेब होते, हातात रिकामी वाटी. इंदूताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि जाता जाता रेडिओ लावून गेल्या.